कॉफीच्या मापाच्या पुड्या

सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस गाठायची घाई, त्यात चमच्याच्या अंदाजाने केलेली ड्रिप कॉफी (कागदी फिल्टरमधल्या पुडीवर गरम पाणी ओतून गाळलेली) कधी कडूजहर, कधी पाणचट.

रविवारी एवढंच करा:

१. जाड रव्याइतकी दळलेली कॉफी काट्यावर १५ ग्रॅम मोजा. चमचा नको, तोच खरा घोळ घालतो.
२. ती कागदी फिल्टरमध्ये भरा. किराणावाला पुडी बांधतो तशी तोंडाला घडी. अशा पाच पुड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.
३. सकाळी घडी उघडून फिल्टर ड्रिपरमध्ये, म्हणजे कपावर ठेवायच्या नरसाळ्यात. आधी ३० मिली गरम पाणी, अर्धा मिनिट थांबा. पूड फुगते. मग उरलेलं २१० मिली, हळूहळू.

डबा फ्रिजमध्ये नको. पावसाळ्यात पुड्या दोन-तीन दिवसांच्याच करा, पूड सादळते.