पाळण्याच्या रांगेत मुलं रमवायची तयारी

करमणुकीच्या पार्कात जायचा बेत ठरला त्याच संध्याकाळी मुलांना एकेक करून दाराच्या चौकटीपाशी उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा आणि खडूनं खूण करा. मग शिवणाच्या टेपनं ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहून घ्या. पार्कातल्या मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते आणि गर्दीत ती पाटी मोठ्यांच्या पाठीआड लपते. तीन वर्षांपूर्वी नागपूरकडच्या एका पार्कात धाकटीला घेऊन आम्ही पाऊण तास उभे राहिलो, आणि अगदी पाळण्याच्या तोंडाशी गेल्यावर ती पट्टीला चार बोटं कमी भरली. अट तिच्याच भल्यासाठी होती, पट्टा लहान अंगाला घट्ट बसत नाही. पण दादा वर गेला आणि ती खाली राहिली. "मी कवा मोठी होईन व आई?" असं ती गाडीत झोप लागेपर्यंत विचारत होती. तेव्हापासून पार्कात आधी फोन करून विचारते: कोणत्या पाळण्याला किती उंची लागते, बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, पाण्याच्या खेळांना कोणते कपडे चालतात. बहुतेक वॉटर पार्कांत सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात. हे तिथल्या खिडकीवर कळलं की भाड्याच्या कपड्यांसाठी आणखी एक रांग लावावी लागते.

जायचं कधी, हा आपल्याकडे अवघड प्रश्न आहे. दिवाळीच्या सुट्टीत हवा चांगली असते, पण तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो आणि घरातली बाई शेतात असते. हात रिकामे होतात ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा विदर्भात पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो. उन्हामुळेच आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणून माझं मत असं की जमलं तर संक्रांतीनंतरचा, वेचणी उरकत आल्यावरचा एखादा दिवस काढावा, आणि तोही रविवार सोडून. शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. मे महिन्यातच जायचं झालं तर फाटक उघडायच्या आधी फाटकापाशी असा. आमचं गाव आर्वी तालुक्यात. तळेगावला महामार्गाला लागलो की कारंजा, कोंढाळी करत नागपूरकडे जातो, म्हणून आम्ही पहाटेच निघतो. सगळ्यात जास्त गर्दीचा पाळणा पहिल्या तासात उरकायचा. बारा ते तीन सावलीत जेवण आणि आराम. उन्हातली रांग त्या वेळात लावूच नका, तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे राहिले तरी राहू द्या. एस.टी.नं जाणार असाल तर पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायांनाही अर्धंच. वाचलेल्या पैशांतून प्रत्येक मुलासाठी कापडाची टोपी घ्या.

आता पाणी. मूल रांगेत किरकिर करायला लागलं की आपण म्हणतो हट्टी झालं. माझा अनुभव आहे की दहापैकी सात वेळा ते तहानलेलं असतं आणि त्याला ते सांगता येत नाही. माणशी एक बाटली, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला, म्हणजे "माही बाटली कोनं घेतली" हे भांडण मिटतं. ओआरएसच्या दोन पुड्या सोबत असू द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करून ठेवा. घरून कैरीचं पन्हं नेता आलं तर फारच छान. ओला दुपट्टा मानेवर टाकत राहा. बडबडं मूल एकदम गप्प झालं, तोंड लाल झालं, डोकं दुखतं म्हणालं किंवा ओकलं, तर रांग सोडा आणि सावलीत न्या. नंबर दोन माणसांवर आला असला तरी सोडा.

खायला कोरडं आणि कमी तिखट न्या: फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे-गूळ, घरचे शंकरपाळे. खारे शेंगदाणे नकोत, तहान वाढते. सगळं एका डब्यात भरू नका. जुन्या वहीच्या कागदाच्या लहान लहान पुड्या बांधा, पाळण्यागणिक एक. पुडी सोडण्यातच मुलांची पाच मिनिटं जातात, आणि पुढच्या रांगेत काय निघेल याची ओढ राहते. हिवाळ्यात गेलात तर संत्री न्या. संत्रं सोलायच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, आत किती फोडी निघतील. मग साल काढायची, वरचे पांढरे धागे ओढायचे आणि एकेक फोड सुटी करत मोठ्यानं मोजायची. बहुतेक वेळा दहा-अकरा निघतात, पण कधी मधेच एक नखाएवढी फोड दडलेली सापडते, आणि ती धरायची की नाही यावर पोरं जीव तोडून वाद घालतात. एका संत्र्यात रांग चांगली दोन वळणं पुढे सरकते. सालींसाठी वेगळी पिशवी ठेवा.

पायात जुनीच चप्पल, मागून पट्टा असलेली. फिरायला जायचं म्हणून आदल्या दिवशी नवे सँडल घेऊ नका. माझ्या नणंदेच्या मुलाला अकरा वाजताच टाच सोलून फोड आला आणि उरलेला दिवस त्याला कडेवर वाहावं लागलं. आठ वर्षांचा मुलगा!

या सगळ्यापेक्षा मोठी तयारी आपल्या जिभेची असते. "आलाच आता नंबर" हे वाक्य घरीच ठेवून या. मूल एकदा ऐकतं, दुसऱ्यांदा ऐकतं, तिसऱ्यांदा म्हणतं, "तू मंघाशीबी असंच म्हनली," आणि तिथून पुढे आपला एकही शब्द त्याला खरा वाटत नाही. रिकामा वेळ हातात काम असलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती थांबायचं हे माहीतच नसलं तर तो आणखी लांबतो. मोठ्यांचंही तसंच होतं. बँकेच्या रांगेत आपणही मान उंचावून खिडकीकडे पाहत राहतोच की. म्हणून मुलांना खरी वेळ सांगा, आणि ती त्यांनाच काढायला लावा. पाळणा फिरताना दिसत असतो. एका फेरीत किती माणसं बसतात ते मोजायला एकाला सांगा. माणसं चढल्यापासून पुढची चढेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात पाहायला दुसऱ्याला. तिसऱ्यानं आपल्या पुढची डोकी मोजायची. समजा एका फेरीत वीस जण, फेरीला सहा मिनिटं, आणि पुढे शंभर माणसं. म्हणजे पाच फेऱ्या, तीस मिनिटं. माझ्या थोरल्यानं हे पहिल्यांदा बोटांवर केलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. मग तो पाळण्याला विसरून फेऱ्याच मोजत बसला आणि दर फेरीला ओरडून सांगू लागला, "चार राह्यल्या!" मागची अनोळखी पोरंही त्याच्यासोबत मोजायला लागली. यासाठी एक साधं मनगटी घड्याळ पिशवीत हवंच, काट्यांचं असेल तर लहानाला वेळ पाहणंही शिकवून होतं.

खेळांची सामग्री म्हणाल तर मूठभर चिंचोके पुरतात. ते एका जुन्या मोज्यात भरा, मोजा खिशात मावतो आणि आवाज करत नाही. एकी-बेकी रांगेत उभ्याउभ्या खेळता येते: एकानं मुठीत चिंचोके लपवायचे, दुसऱ्यानं सांगायचं एकी की बेकी, बरोबर आलं तर ते त्याचे. चिंचोके घामानं बोटांना चिकटतात, मूठ उघडताना एखादा तळव्यालाच राहतो आणि हिशोब बदलतो, त्याची मजा वेगळीच. खाली सांडले तर मात्र वाकून वेचत बसू देऊ नका, मागच्या माणसाचा पाय बोटांवर पडतो. सांडला तो गेला, हा नियम आधीच करा. दुसरा खेळ पाठीवर अक्षर काढायचा: मागच्यानं पुढच्याच्या पाठीवर बोटानं एक अक्षर गिरवायचं, पुढच्यानं ओळखायचं. 'क्ष' आणि 'ज्ञ' काढायला लागले की हसून हसून पुरेवाट. याला काहीच सामान लागत नाही, आणि रांगेत एकामागे एक उभं राहायचंच असतं.

कोडी रात्री आजीकडून गोळा करा आणि दहा तरी कागदावर उतरवून घ्या, ऐन वेळी एकही आठवत नाही. "सूपभर लाह्या, मधे रुपया" आणि "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" मुलांना ठाऊक असतात. पण "तीन जण वाढायला, बारा जण जेवायला" याचं उत्तर काढायला आमच्या घरी दोन पाळणे लागले, आणि तोवर हातातलं घड्याळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आजी सोबत येणार असेल तर कागदही नको. तिच्यासाठी घडीचं छोटं स्टूल तेवढं घ्या.

तिकीट खिडकीची रांग बहुधा गाड्या लावायच्या जागेलगत असते. तिथे गाड्यांचे नंबर वाचायचे. विदर्भाचे अकरा जिल्हे एमएच २७ ते ३७ मध्ये ओळीनं बसतात: अमरावती २७, बुलडाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३०, नागपूर ३१, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६, वाशीम ३७. नागपूरला ४० आणि ४९ असेही नंबर आहेत. अकराही जिल्हे कोणाला आधी सापडतात ते पाहायचं. गडचिरोलीची गाडी दिसायला वेळ लागतो, आणि दिसली की सगळे एकदम ओरडतात.

मोबाइल मी रांगेत देत नाही. तीन मुलं आणि एक फोन म्हणजे भांडण ठरलेलं. शिवाय खाली मान घातलेल्या मुलाला रांग सरकली ते कळत नाही आणि मागचे ढकलतात. दिवस संपताना गाडीवाल्याला बोलवायला बॅटरीही लागते. एखाद्या आईनं दिला तर मी तिला नावं ठेवणार नाही, कडेवर तान्हं बाळ असलं की काय होतं ते मला माहीत आहे.

प्रत्येक रांगेआधी लघवीला नेऊन आणा, नको म्हणाली तरी न्या. रांगेत निदान दोन मोठी माणसं हवीत, एक जागा धरायला आणि एक मुलाला घेऊन बाहेर जायला. बाहेर पडताना मागच्यांना सांगून जा, "दादा, पोराला नेऊन आणतो, इथंच आहो." माणसं समजून घेतात. पण पुढे नातेवाईक दिसला म्हणून मुलांना दोरीखालून घुसवू नका, मागे उभं असलेलं दुसऱ्याचं लेकरूही तितक्याच वेळेपासून उभं असतं.

सगळ्या मुलांना एकाच भडक रंगाचे सदरे घाला, नाहीतर एकाच रंगाचे रुमाल गळ्यात बांधा. हरवलं तर जागचं हलायचं नाही आणि पार्कातल्या गणवेशातल्या माणसाला सांगायचं, हे घरी दोनदा करून घ्या: अंगणात डोळे मिटून उभं करा आणि विचारा, आता काय करशील? मदतीला मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर मोठ्यांच्या फोनमध्ये असू द्या. निघताना प्रत्येकाच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, बॉलपेननं घरच्यांचा फोन नंबर लिहा. कोंढाळीला चहाला थांबलात की एकदा बाह्या वर करून बघा, घामानं पुसला असेल तर तिथेच पुन्हा लिहा.