कॅमलमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शन : या चुका टाळा

अपाचे कॅमल म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिममध्ये मेसेज फिरवणारा जावा फ्रेमवर्क. त्याचा रूट (मेसेजचा ठरवलेला मार्ग) विनातक्रार सुरू होतो, पहिला मेसेज येतो आणि प्रोसेसरमध्ये (मेसेजवर काम करणाऱ्या आपल्या क्लासमध्ये) नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे फील्ड रिकामंच. फील्डवर ऑटोवायर्ड, म्हणजे 'हे बाहेरून भरून दे', असं तर लिहिलेलं असतं! अशा वेळी आधी रूटबिल्डर (रूट लिहिलेला क्लास) उघडा आणि 'प्रोसेस'च्या कंसात काय आहे ते बघा. तिथे 'न्यू' दिसलं की चोर सापडला. ऑब्जेक्टला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे डिपेंडन्सी, बाहेरून पुरवणं हेच डिपेंडन्सी इंजेक्शन, आणि ते काम इथे स्प्रिंग हा फ्रेमवर्क करतो. पण तो स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टचीच फील्ड भरतो. तुम्ही हाताने बनवलेल्याची त्याला खबरही नसते. प्रोसेसरवर कॉम्पोनंट अॅनोटेशन लावा म्हणजे तो स्प्रिंगच बनवेल, रूटबिल्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तो मागून घ्या आणि तोच 'प्रोसेस'ला द्या. प्रोसेसरनेही आपल्या डिपेंडन्सी कन्स्ट्रक्टरमधूनच घ्याव्यात. मग सवयीने कुणी नुसतं 'न्यू' लिहिलं, तरी ते कंपाइलच होत नाही.

रूटमध्ये बीनला (स्प्रिंगने बनवलेल्या ऑब्जेक्टला) नावाने बोलावत असाल, तर गाठ नोसचबीनएक्सेप्शनशी, म्हणजे 'असा बीनच नाही' या एररशी पडते. बहुतेकदा क्लास स्कॅन होणाऱ्या पॅकेजच्या बाहेर असतो. दुसरं कारण चकवणारं आहे. स्प्रिंग क्लासच्या नावातलं पहिलं अक्षर लहान करून बीनचं नाव ठरवतो, पण पहिली दोन्ही अक्षरं कॅपिटल असली तर नावाला हात लावत नाही. एक्सएमएलने सुरू होणाऱ्या क्लासवर मी यापायी अर्धा दिवस घालवलाय. तेव्हापासून नाव अॅनोटेशनमध्येच लिहून टाकतो.

कॉन्फिगरेशन फाइलमधली प्रॉपर्टी वाचतानाही असाच चकवा बसतो. व्हॅल्यू अॅनोटेशनमध्ये डॉलर आणि महिरपी कंस, कॅमलच्या एंडपॉइंटच्या (मेसेज जिथून येतो किंवा जिथे जातो त्या टोकाच्या) यूआरआयमध्ये मात्र दुहेरी महिरपी कंस.

सगळ्यात वाईट चूक एररच देत नाही. स्प्रिंगचा बीन मुळात सिंगलटन, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच ऑब्जेक्ट. आमच्या एका प्रोसेसरने ऑर्डर क्रमांक फील्डमध्ये ठेवला होता. टेस्ट सगळ्या हिरव्या. सेडा (कॅमलची मेमरीतली रांग) एंडपॉइंटचे कन्करंट कन्झ्युमर, म्हणजे एकाच वेळी मेसेज उचलणारे थ्रेड, 1 वरून 5 केले आणि एका ऑर्डरचं उत्तर दुसरीच्या नावावर जाऊ लागलं. पाच थ्रेड, फील्ड एकच! मेसेजपुरती माहिती एक्स्चेंजच्या (मेसेजसोबत रूटभर फिरणाऱ्या ऑब्जेक्टच्या) प्रॉपर्टीत ठेवा; फील्डमध्ये फक्त इंजेक्ट केलेल्या गोष्टी, त्याही फायनल.

दर मेसेजला नवा प्रोड्युसरटेम्प्लेट (कोडमधून एंडपॉइंटला मेसेज पाठवणारा कॅमलचा ऑब्जेक्ट) बनवणारा कोडही नेहमी दिसतो. असे टेम्प्लेट बंद न करता साचत गेले की थ्रेड वाढत राहतात. टेम्प्लेट थ्रेडसेफ आहे, म्हणजे अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरला तरी चालतो, आणि कॅमलचा स्प्रिंग बूट स्टार्टर तो तयारच देतो. एकदाच इंजेक्ट करून घ्या, आणि बदलाच्या आधी-नंतर थ्रेड डंप (चालू थ्रेडची यादी) काढून फरक बघा.