घाटात गाडी तापली तर आधी झाकणापासून हात लांब ठेवा

मे महिन्यात कसारा घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला, तर लगेच एसी बंद करून हीटर फुल करा. आत उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत बॉनेट उघडू नका.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, हे हात जोडून सांगते. आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दाबाखाली 100 अंशांच्या वर गेलेलं असतं; झाकण सैल होताच ते उसळून थेट तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाइप हाताला गार लागला, की जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा.

तोवर गाडीखाली वाकून बघा. स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते एसीचं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारा थेंब म्हणजे कूलंट. ते विषारी असतं, बोट लगेच धुवा. बहुतेकदा पाइपच्या क्लिपपाशी किंवा वॉटर पंपाखाली ओल सापडते.

इंजिन गार झाल्यावर अडीअडचणीला साधं पाणी चालतं, पण जवळच्या गॅरेजपर्यंतच. आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.