ओट्याखालची घूस आणि विझणारे दिवे
फोंड्यातील आमच्या घरामागच्या लाकडी ओट्याच्या कडेने बसवलेले 12 व्होल्टचे एलईडी दिवे जूनच्या पावसात एकेक करून विझू लागले, तेव्हा मी पाण्यालाच दोष दिला. फळ्या उचलल्यावर मात्र वायरीचे आवरण दोन बोटे सोललेले आणि उघड्या तांब्यावर हिरवट थर चढलेला दिसला; शेजारीच घुशीचे ताजे बीळ होते. अशा प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्यांना कुरतडायला काहीही चालते. मेन स्विच बंद करून मी खराब तुकडा कापला, जोड जेल भरलेल्या जलरोधक कनेक्टरमध्ये घेतला आणि वायर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपमधून ओवली, कारण पीव्हीसी पाइप घूस कुरतडते (हे एक पावसाळा वाया घालवून कळले). विष मात्र घातले नाही. घुशी टिपणारे घुबड आमच्याच फणसावर येऊन बसते; विष खाल्लेली घूस त्याच्या पोटात जायला नको.