लहरी लाकडाची गिटार घासून गुळगुळीत कशी करावी?

फ्लेम मेपल म्हणजे लहरी तंतूंचं मेपल लाकूड. त्याची फळी खिडकीजवळ धरून जरा कलती केली की तिच्यावरचे आडवे पट्टे सरकल्यासारखे दिसतात. मघाचा काळपट पट्टा उजळतो, उजळ होता तो काळवंडतो. ही करामत रंगाची नाही. झाडातच तंतू नागमोडी वाढलेले असतात. फळी कापली की एका पट्ट्यात ते चढताना कापले जातात, पुढच्यात उतरताना. रंधा इथेच फसतो: एका पट्ट्यावर रेशमासारखा पापुद्रा निघतो आणि बोटभर पुढे ढलपी उपटून येते. म्हणून गिटारच्या पाठीला शेवटचा हात स्क्रेपर आणि पॉलिश पेपरचाच.

आधी जाडी मोजा. पाठ शेवटी साधारण २.५ मिमी ठेवायची असेल, तर २.८ मिमीच्या आसपास रंधा बाजूला ठेवा. उपटलेला खड्डा या उरलेल्या ०.३ मिमीहून खोल असेल तर तो घासून काढायच्या हट्टाला पेटू नका, पाठ पापडासारखी होईल. दोन फळ्या जोडून केलेली पाठ गिटारला चिकटवण्याआधीच पालथी करा आणि खड्डा गिटारच्या पोटात जाऊ द्या.

मग स्क्रेपर. ही साधी पोलादी पत्ती. दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवायची आणि पट्ट्यांना तिरकी धरून पुढे ढकलायची. पातळ कुरळे पापुद्रे आले पाहिजेत. नुसता भुसा पडत असेल तर धार गेली, पुन्हा काढा.

पेपर १२० नंबरपासून. हार्डवेअरच्या दुकानात बऱ्याचदा काळा वॉटर पेपर हातात ठेवतात. तो नको, त्याची काळी पूड पांढऱ्या मेपलच्या तंतूंत अडकून बसते. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा मागा. तो लाकडी ठोकळ्यावर पातळ बुचाचा तुकडा चिकटवून त्याभोवती गुंडाळा.

ठोकळ्याचा एवढा आग्रह का? पट्टे सगळे सारखे कठीण नसतात. बोटं किंवा फोम मऊ जागी जास्त खातात. माझी पहिली पाठ मी बोटांनीच घासली होती. हाताला लोण्यासारखी लागत होती, मी खूश! लॅकरचे थर चढल्यावर तिच्यात खिडकीचं प्रतिबिंब पाहिलं, तर गज सगळे वेडेवाकडे, छपराच्या नालीदार पत्र्यात दिसावेत तसे. लॅकर उतरवून सगळं पुन्हा करावं लागलं.

पट्टे आडवे असले तरी घासायचं गिटारच्या लांबीलाच. आधी पेन्सिलने सगळीकडे हलक्या तिरक्या रेघा मारा. त्या सगळीकडून पुसल्या गेल्या की तो नंबर झाला. मग १५०, १८०, २२०. मधला नंबर गाळला तर वेळ वाचत नाही, उलट जुने चरे काढण्यात दुप्पट जातो. दर वेळी भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या, कारण मागे राहिलेला एक जाड कण नवा चरा पाडतो. मास्क पहिल्या हातापासून. मशीन वापरत असाल तरी शेवटची फेरी हातानेच करा, मशीनचे बारीक गोल चरे पॉलिशखाली उठून दिसतात.

कडेला सांभाळा. ठोकळ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग बाहेर गेला की तो कलतो आणि कड खातो. गिटारच्या कमरेतल्या खोलगट वळणाला सपाट ठोकळा चालत नाही. तिथे पेपर जाड, कडक नळीभोवती गुंडाळा. बाजूंच्या पट्ट्या वाकवताना भिजवून तापवलेल्या असतात, त्यावर करपट डाग असले तर ते आधी स्क्रेपरने काढा.

आता खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. आडवे चरे लगेच सावल्या टाकतात. स्पिरिटने पुसलं तर आणखी स्पष्ट दिसतात, शिवाय पॉलिशनंतर लाकूड कसं खुलेल तेही कळतं. मात्र कडेची पट्टी शिसवाची असेल तर फडकं तिच्यावरून मेपलवर ओढू नका. शिसवाचा तांबूस-जांभळा रंग स्पिरिटमध्ये उतरतो आणि मेपलवर पसरतो.

शेवटी घट्ट पिळलेलं ओलं फडकं एकदाच फिरवा. वाळल्यावर दबलेले तंतू दाढीच्या खुंटांसारखे उभे राहतात. वापरून थोडा झिजलेला २२०चा पेपर घ्या, हात हलका ठेवा, दोन-तीन फेऱ्यांत खुंट गेले की थांबा.