फोटो पुरे, झाकण आणा

नाशिकला सिडकोत पवननगरच्या मागच्या एका गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरला झाकण नव्हतं. त्याची बातमी मी तीनदा केली. पहिल्यांदा फोटोसकट तीन कॉलम, दुसऱ्यांदा पावसाळ्याच्या तोंडावर, तिसऱ्यांदा एक शाळकरी पोरगा सायकलसकट त्यात अडकला तेव्हा. तिसऱ्या वेळी मी मोबाइल वर केला तशा समोरच्या घरातल्या मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, फोटो पुरे झाले. आता झाकण आणा."

तेव्हा मला रागच आला होता. झाकण आणणं हे वार्ताहराचं काम नव्हे, हे त्यांना कसं सांगायचं? पण घरी जाताना ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

आता महापालिकेची निवडणूक लढवून, हरून बसलेय. पत्रकारितेची मुलं-मुली भेटली की विचारतात, "ताई, आम्हालाही यायचंय राजकारणात, सुरुवात कुठून करायची?" कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीवर दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

माझी गोष्ट थोडक्यात. २०१४ मध्ये एका दैनिकाच्या शहर आवृत्तीत लागले. दोन वर्षं गुन्हे, मग महापालिका बीट, म्हणजे महापालिकेच्या बातम्या. २१ फेब्रुवारी २०१७ ची निवडणूक मी मतदान केंद्रांच्या बाहेर उभं राहून पाहिली. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना 'वॉक विथ कमिशनर' या लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या फेरीला सकाळी सकाळी वही घेऊन धावले, आणि घरपट्टीच्या वाढीवरून शहर कसं पेटतं तेही पाहिलं. २०१९ मध्ये नोकरी सोडली आणि एका नगरसेवकाची स्वीय सहाय्यक झाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, अण्णांनी कार्यालयाचं भाडं वाचवलं. लोक मात्र यायचे थांबले नाहीत. मग मी आमच्याच घराच्या ओट्यावर एक टेबल टाकलं. जानेवारी २०२६ ला अपक्ष उभी राहिले. अनामतही गेली.

आता कामाचं.

पत्रकाराला वाटतं, आपल्याला महापालिका कळते. मलाही वाटायचं. महापालिकेच्या मुख्यालयातला, राजीव गांधी भवनातला, प्रत्येक जिना मला पाठ होता, कुठल्या मजल्यावर कोण चिडकं आणि कोण गप्पिष्ट हे मी झोपेत सांगितलं असतं. पण आपल्याला कळतात त्या महासभा, भांडणं आणि घोटाळे. साधी फाईल चालते कशी, हे मला तीन वर्षं बीट करूनही माहीत नव्हतं. गल्लीत शंभर फूट नाला बांधायचा तर आधी कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो, प्राकलन म्हणजे खर्चाचा अंदाज करतो. ते उपअभियंत्याकडून कार्यकारी अभियंत्याकडे जातं, तांत्रिक मान्यता मिळते. मग अंदाजपत्रकात त्याला तरतूद आहे का, कुठल्या लेखाशीर्षाखाली, हे लेखा विभाग बघतो. प्रशासकीय मान्यता, निविदा, दर जास्त आले तर वाटाघाटी, रक्कम मोठी असेल तर स्थायी समितीचे सोळा सदस्य, आणि शेवटी मक्तेदाराला कार्यारंभ आदेश. यातल्या कुठल्याही टेबलावर फाईल आठ आठ महिने झोपू शकते, आणि झोपवणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. कधी पुढच्या टेबलावरचा माणूस बदलीवर गेलेला असतो. कधी एक नकाशा जोडायचा राहिलेला असतो आणि तो कुणी मागितलेलाच नसतो.

झाकणाचं असंच होतं. अण्णांकडे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या विभागाच्या अभियंत्यांकडे पत्र घेऊन गेले. हे तेच साहेब, ज्यांचं नाव मी दुसऱ्या बातमीत 'हलगर्जीपणा' या शब्दाशेजारी छापलं होतं. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले, चहा सांगितला. मग टेबलाच्या काचेखालून एक कात्रण काढून समोर ठेवलं. पिवळं पडलेलं, माझ्या नावाचं.

"मॅडम, त्या वर्षी झाकणं पुरवण्याचा मक्ता संपला होता. नव्या निविदेची फाईल लेखा विभागात अडकली होती. मी तीन स्मरणपत्रं दिली होती. तुम्ही विचारलं असतंत तर प्रती दिल्या असत्या."

बातमीच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही.' एकदा फोन लावला होता. एकदाच.

त्या साहेबांनी माझं काम अडवलं नाही. झाकण चार दिवसांत बसलं, कारण तोवर नवा मक्ता झालेला होता. पण बातमीदारीतून या बाजूला येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते: आपली जुनी कात्रणं लोकांच्या काचेखाली असतात. ज्यांची नावं आपण छापली, त्यांच्याच टेबलासमोर आपल्याला अर्ज घेऊन उभं राहायचं असतं. याचा अर्थ गोड गोड लिहा असा नाही. खरं असेल तर नाव छापाच. पण फाईल कुठे आहे हे विचारून मग छापा.

नोकरीत असतानाच 'बघू, तिकीट मिळतंय का' असं करणाऱ्यांशी माझं जमत नाही. गळ्यात प्रेसचं कार्ड आणि खिशात पक्षाची पावती, असे दोन-तीन जण प्रत्येक शहरात असतात, आपल्याकडेही आहेत. यांची बातमी कुणी वाचत नाही आणि यांना पक्षातही कुणी विचारत नाही. मी राजीनामा दिला आणि त्यानंतर सहा महिने कुठल्याच व्यासपीठावर बसले नाही. घर कसं चालवलं? सूत्रसंचालन, अनुवाद, एका शिकवणीवर्गाच्या जाहिरातींचा आवाज. पहिल्या दोन वर्षांची सोय केल्याशिवाय उडी मारू नका. पुढे निवडून आलात तरी नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही, आणि जो म्हणतो चालतं, त्याचं घर दुसऱ्याच कशावर तरी चालत असतं.

पत्रकारितेतलं काय उपयोगी पडतं? मला वाटलं होतं बोलणं, कॅमेऱ्यासमोर न अडखळणं. त्याचा उपयोग फारच थोडा झाला. उपयोग झाला तो थोडक्यात लिहिण्याचा. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या राज्यात एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. लोक तीन पानी कैफियत लिहितात आणि उत्तर येतं 'मागणी मोघम आहे'. अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकाची आणि देयकाची प्रत द्यावी, इतकंच लिहिलं की प्रत मिळते. अण्णांचीही पत्रं मी चार ओळींत आणली. आधी ते दोन पानं लिहायचे, वर 'जनतेत तीव्र असंतोष' वगैरे.

आणि पोच. अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही. मी ओट्यावर टेबल टाकलं तेव्हा माझ्याकडे ना पद होतं ना निधी, फक्त एक वही होती. त्यात तारीख, माणूस, काम, आवक क्रमांक, पुढे कधी जायचं. त्या वहीनं जेवढी कामं झाली, तेवढी माझ्या एकाही रीलनं झाली नाहीत. (रील मीही केल्या. सर्वाधिक बघितली गेली ती मिसळीची.)

कायदा वाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे आणि भाषा रुक्ष आहे, पण बजेट आणि प्रभाग समित्यांची कलमं तरी वाचाच. मी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, बसून वाचली. ते १८४० पासून आहे, तिथला पंखा बहुधा तेव्हाचाच असावा. मागच्या पाच वर्षांची अंदाजपत्रकं शेजारी शेजारी ठेवून बघा. तेच काम दर वर्षी नव्यानं 'प्रस्तावित' होताना दिसेल.

एक गोष्ट कुठल्याच अभ्यासवर्गात शिकवत नाहीत, ती म्हणजे दहावा. बीटवर असताना आम्ही टिंगल करायचो: सकाळी गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलं की कुठल्याही पक्षाचा पुढारी सापडतो, दशक्रियेत माइक धरून श्रद्धांजली वाहताना. अण्णांबरोबर मीही जायला लागले, आधी नाइलाजानं. रामकुंडाच्या बाजूला पिंड ठेवलेलं, कावळ्याची वाट बघणं चाललेलं, आणि त्या अर्ध्या तासात लोक हळूच बोलतात. वडिलांचं नाव सातबाऱ्यावरून काढायचंय. आईची पेन्शन बंद झालीय. मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलंय आणि विमा कंपनी परत पाठवतेय. वॉर्डात फिरताना हीच माणसं 'सगळं ठीक आहे' म्हणतात. बोलायची गरज नसते, भाषण तर नकोच. उभं राहायचं आणि ऐकायचं. माझ्या वहीतली निम्मी कामं गंगेवरून आलेली आहेत.

बाई म्हणून थोडं सांगते. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे जागा असते. प्रश्न पहिल्या वाक्याचा असतो. मी दार वाजवलं की विचारत, "उभं कोण राहतंय? मिस्टर?" मी म्हणायचे, मीच. मग आतून बायको बाहेर यायची आणि खरं बोलणं सुरू व्हायचं. 

निवडणुकीचं तंत्र स्वतंत्र आहे, त्यावर निदान एक वर्ष आधी काम लागतं. नाशिकमध्ये १२२ जागा, ३१ प्रभाग, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. अ, ब, क, ड अशा चार जागा, कुठली कुणासाठी हे आरक्षण सोडतीत ठरतं. सोडत निघेपर्यंत 'माझी जागा' असं काही नसतं. वय एकवीस पूर्ण हवं, नाव शहराच्या मतदार यादीत हवं, राखीव जागेवर लढायचं तर जात वैधतेचे कागद आधीपासून तयार हवेत. ते ऐन वेळी धावून मिळत नाहीत.

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे प्रारूप मतदार यादी. विधानसभेची यादी फोडून प्रभागाच्या याद्या करतात, आणि फोडताना गल्ल्याच्या गल्ल्या शेजारच्या प्रभागात जातात. हरकतींना दिवस मोजके मिळतात. यादी आली त्या रात्री मी आणि दोन मैत्रिणी आमच्या गल्ल्यांतली नावं घरोघर ताडत बसलो. मेलेली माणसं होती, लग्न होऊन गेलेल्या मुली होत्या, एकच आजोबा दोनदा होते, आणि माझी सख्खी काकू पलीकडच्या प्रभागात गेली होती. प्रचाराच्या गाडीवर जो खर्च लोक करतात, त्याच्या पाव हिश्श्यात हे काम होतं आणि ते कुणीच करत नाही.

तिकिटाचं न बोललेलं बरं. मुलाखत झाली, 'तुमचं काम चांगलं आहे' झालं, शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याच बाईंच्या हातात होता. अपक्ष म्हणून अर्ज भरला. सूचक, अनुमोदक, शपथपत्र, अनामत. अर्जातला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, लागू नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. खर्चाचा हिशेब रोजच्या रोज द्यायचा आणि निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब, हरलात तरीही. हरलेले हेच विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात.

मतदान १५ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. प्रचार संपला होता, पण आदल्या दिवशी तिळगूळ द्यायला कोण अडवणार? सगळ्यांनीच दिला. मला काही जिंकण्याची आशा नव्हती, पण अनामत वाचेल असं वाटत होतं. चार जणांच्या पॅनेलपुढे एकटा अपक्ष किती फिका पडतो, याचा हिशेब मी कागदावर केला होता, मनात केला नव्हता. मतदाराला चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. तीन बटणं एका चिन्हावर दाबलेला हात चौथ्याला वेगळीकडे वळत नाही. पुन्हा लढायचं ठरवलं तर मी आधी तीन जोडीदार शोधीन, मग चिन्ह.

सध्या शहरभर सिंहस्थ कुंभमेळ्याची खोदाई चालू आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शिकायचं असेल तर याहून चांगला काळ नाही. कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रश्न निघाला तेव्हा रस्त्यावर गर्दी चांगली झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण अशा वेळी सही-शिक्क्याची, झाडाच्या क्रमांकासकट दिलेली हरकत नोंदवून ठेवणारे किती होते, ते स्वतःला विचारा. घोषणा विरून जाते, आवक क्रमांक असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. एका कामाच्या मागे लागा, एकाच. त्याची फाईल शेवटपर्यंत बघा.

निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्लीत गेले होते. चेंबरवर झाकण आहे, त्यावर कुणीतरी स्कूटर लावतं. मावशी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मला बघून जरा ओशाळल्या.

"मत तुलाच द्यायचं होतं गं. पण इतकी बटणं बघून माझा गोंधळच उडाला. तुझं नेमकं कुठलं ते सापडेना, मागचे लोक घाई करायला लागले, दिलं दाबून."

मी म्हटलं, जाऊ द्या मावशी.

"जाऊ द्या कसं? बस, चहा टाकते. आणि वही आणलीयस ना? कोपऱ्यावरचा दिवा संक्रांतीपासून बंद आहे, तेवढं लिहून घे."