ससे आणि उंदीर यांच्या बंदोबस्तासाठी एअर रायफलचे कॅलिबर: दिवसाचा आणि रात्रीचा विचार

इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीने शेतावरील ससे आणि उंदीर मारण्यासाठी एअर रायफल वापरता येते. नळीतून बाहेर पडताना छर्‍याची ऊर्जा १२ फूट-पाउंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूलपेक्षा, जास्त नसेल तर अठरा वर्षांवरील व्यक्तीला त्या रायफलीसाठी परवाना काढावा लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र ३१ डिसेंबर २०१६ पासून अशा रायफलीलाही प्रमाणपत्र लागते आणि उत्तर आयर्लंडचे नियम याहून कडक आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्यामुळे पुढील विवेचन केवळ ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि तेथील शेतांवर हे काम करणाऱ्या वाचकांसाठी आहे.

कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या आतील व्यासाचा, प्रश्न या ऊर्जेच्या मर्यादेतूनच उभा राहतो. ऊर्जा ठरलेली असल्याने छर्रा जितका जड, तितका त्याचा वेग कमी. १२ फूट-पाउंडांच्या किंचित खाली बसवलेल्या रायफलीतून .१७७ चा, म्हणजे ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो; .२२ चा, म्हणजे ५.५ मिलिमीटरचा, एक ग्रॅमचा छर्रा सुमारे १७५ मीटर वेगाने, आणि .२५ चा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा, दीड ग्रॅमहून जड छर्रा १४० च्या आसपास. नेम अचूक असेल तर सशाला तत्काळ मारण्याइतकी ऊर्जा तिघांतही असते. म्हणून ‘कोणता छर्रा जोरात लागतो’ यापेक्षा ‘कोणता छर्रा मला हव्या त्या जागी लागेल’ हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. सशाच्या डोक्यातील प्राणघातक जागा जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीची असते आणि ती चुकली तर जनावर जखमी होऊन बिळात शिरते व तेथे तडफडत राहते. हे टाळणे ही बंदूक हाती घेणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे.

छर्‍याचा मार्ग वक्र असल्याने अंतराचा अंदाज चुकला की नेमही चुकतो. रायफल ३० मीटरवर नेमाला बसवली आहे, म्हणजे त्या अंतरावर छर्रा नेमक्या जागी लागतो, आणि दुर्बीण नळीच्या मध्यरेषेपासून साडेचार सेंटिमीटर उंच आहे असे धरून ढोबळ हिशोब केला, तर .२२ चा छर्रा २० मीटरवर सुमारे अडीच सेंटिमीटर वर आणि ३५ मीटरवर तीन सेंटिमीटर खाली लागतो. त्याच मांडणीत .१७७ चा छर्रा २० मीटरवर एक सेंटिमीटरहूनही कमी वर आणि ३५ मीटरवर दीड सेंटिमीटर खाली लागतो. .२५ चा छर्रा ३५ मीटरवर सुमारे पाच सेंटिमीटर खाली जातो. याचा अर्थ असा की, ससा ३० मीटरवर आहे असे समजून ३५ मीटरवरच्या सशावर .२२ चालवली तर नेम सरळ चुकतो, आणि .१७७ चालवली तरी छर्रा त्या तीन सेंटिमीटरांच्या अगदी कडेवर लागतो.

दिवसा हा अंदाज बऱ्यापैकी साधतो, कारण कुंपणाचे खांब, गवताची उंची आणि पावलांनी मोजलेली वाट यांचा आधार असतो. रात्री मात्र हा आधार नाहीसा होतो. अवरक्त दिव्याच्या प्रकाशात डिजिटल दुर्बिणीतून दिसणारे चित्र सपाट असते. चमकणारे डोळे दिसतात, पण ते २५ मीटरवर आहेत की ४० मीटरवर हे त्यावरून कळत नाही. उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीत तर ससा गरम ठिपक्यासारखा उठून दिसतो, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा जवळ वाटण्याची चूक सहज होते, आणि समोरचे पातळ गवताचे पातेही नजरेतून सुटू शकते. म्हणून मोकळ्या शेतात रात्री काम करणाऱ्याने .१७७ घ्यावी, आणि .२२ घ्यायचीच असेल तर अंतर मोजणारे लेझर उपकरण सोबत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पिसांसाठी .१७७, केसांसाठी .२२’ असे ब्रिटनमधले जुने नेमबाज सांगत आले आहेत. रात्रीच्या कामाला हा नियम लागू करता येत नाही, कारण ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार विशेष परवान्याशिवाय रात्रीची दुर्बीण किंवा कृत्रिम प्रकाश वापरून रानपक्षी मारता येत नाहीत. रात्री उरतात ते ससे आणि उंदीरच.

उंदरांचे गणित वेगळे आहे. धान्याच्या कोठारात किंवा गोठ्यात अंतर १० ते १५ मीटरांचे असते आणि ते दिवसा मोजून ठेवता येते, त्यामुळे वक्र मार्गाचा तोटा जवळजवळ उरत नाही. उलट, .१७७ चा वेगवान छर्रा उंदराच्या आरपार जाऊन पत्रा, पाण्याचा नळ किंवा भिंत यांवर आपटण्याची शक्यता अधिक असते. येथे .२२ सरस ठरते, आणि केवळ कोठारातच काम असेल तर .२५ ही चांगली निवड आहे. मोकळ्या शेतासाठी मात्र परवान्याखेरीजच्या ऊर्जेत .२५ घेऊ नये. १२ फूट-पाउंडांहून अधिक ऊर्जेच्या रायफलीसाठी लागणारे फायरआर्म प्रमाणपत्र असेल आणि रायफल ३० फूट-पाउंड किंवा त्याहून अधिक ऊर्जेची असेल, तर .२२ आणि .२५ यांचा वेग वाढून हा आक्षेप बराच सौम्य होतो, परंतु त्याबरोबर छर्रा दूरवर जाण्याचा धोकाही वाढतो.

कॅलिबर ठरल्यावर निरनिराळ्या बनावटीचे चार-पाच प्रकारचे छर्रे आणून आपल्या रायफलीतून कागदावर मारून पाहावेत, कारण एकाच कॅलिबरच्या दोन नळ्यांना वेगवेगळे छर्रे मानवतात. छर्रा बदलला की ऊर्जाही बदलते. टाकीत हवा भरून ठेवण्याच्या रायफलींत जड छर्‍याने ती सहसा वाढते, तेव्हा वेग मोजण्याच्या यंत्रावर ती १२ च्या आत आहे याची खात्री करावी. रात्रीची दुर्बीण बहुधा अधिक उंच बसते आणि त्यामुळे दहा मीटरच्या आत छर्रा अपेक्षेपेक्षा खाली लागतो, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. १०, १५, २०, २५, ३० आणि ३५ मीटरवर प्रत्यक्ष छर्रे मारून प्रत्येक अंतरावरचा फरक एका चिठ्ठीवर लिहावा आणि ती चिठ्ठी रायफलीच्या दस्त्यावर चिकटवून ठेवावी. दिवसाची आणि रात्रीची दुर्बीण वेगळी असेल तर चिठ्ठ्याही दोन कराव्यात.